नॅकची तयारी : गुण नेमके जातात कुठे? (सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांसाठी)

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातलं अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालय, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, फक्त पदवीपर्यंतचं, पटावर ६४० मुलं. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषदेच्या, दुसऱ्या फेरीची तयारी चालू आहे. माहितीचा काळ २०२०-२१ ते २०२४-२५ असा धरलाय. पुस्तिका वाचून झाली, पण पुस्तिकेत काय मागतात ते असतं, कशावरून कापतात ते नसतं. म्हणून हा धागा.

प्रश्न असे. सात निकषांचे गुण एकत्र होऊन श्रेणी कशी निघते? डीव्हीव्हीत, म्हणजे भरलेल्या माहितीच्या ऑनलाइन पडताळणीत, आपले आकडे खाली येतात ते कशामुळे? समाधान सर्वेक्षणाला मुलांचे प्रतिसाद कमी पडले तर काय होतं? आणि इमारतीला रंग द्यायला संस्थेने पैसे मंजूर केलेत, तो खर्च आत्ता करावा का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बैठकीत सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच जातो.

गणितवाला_कराड

रंगाचं नंतर बघू, आधी हिशेब. २०१७ च्या चौकटीत एकूण भार १००० चा. पदवीपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयाला त्याची वाटणी अशी: अभ्यासक्रम १००, अध्यापन-अध्ययन-मूल्यमापन ३५०, संशोधन व विस्तार ११०, पायाभूत सुविधा १००, विद्यार्थी साहाय्य व प्रगती १४०, प्रशासन १००, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम १००. विद्यापीठाला हीच वाटणी वेगळी असते, तिथे संशोधनाला २५० आणि अध्यापनाला २००. त्यामुळे विद्यापीठाचा किंवा स्वायत्त महाविद्यालयाचा अहवाल समोर ठेवून आपला आराखडा करू नका.

प्रत्येक निकषाचा ० ते ४ मध्ये सरासरी गुण निघतो, त्याला भाराने गुणायचं, सातांची बेरीज, भागिले १०००. नुसतं समजण्यापुरतं उदाहरण घ्या. पहिला २.४, दुसरा २.९, तिसरा १.३, चौथा २.८, पाचवा २.२, सहावा २.६, सातवा ३.०. म्हणजे २४० + १०१५ + १४३ + २८० + ३०८ + २६० + ३०० = २५४६. सीजीपीए, म्हणजे एकूण सरासरी गुण, २.५५. बी प्लस ही श्रेणी २.५१ ते २.७५, म्हणजे काठावर बसलात. बी प्लस प्लस २.७६ पासून, ए ३.०१ पासून, ए प्लस ३.२६ पासून, ए प्लस प्लस ३.५१ पासून. खालच्या बाजूला बी २.०१ ते २.५०, सी १.५१ ते २.००, आणि १.५० किंवा त्याखाली डी, म्हणजे मानांकनच नाही. काठाची किंमत किती ते आपल्या विद्यापीठावरूनच बघा. २०२१ मध्ये शिवाजी विद्यापीठाला ३.५२ मिळाले आणि ए प्लस प्लस आली.

आता वरच्या उदाहरणात बी प्लस प्लसला २१४ कमी आहेत. सातवा निकष ३.० चा ३.५ केला तर मिळाले फक्त ५०. पाचवा २.२ चा २.९ केला तर ९८. तिसरा १.३ चा २.० केला तर ७७. दुसरा नुसता ०.१५ ने वर गेला तरी ५२.५. पाचवा, तिसरा आणि दुसरा या तिघांची बेरीज २२७.५, आणि तुम्ही २.७७ वर. बहुतेक ठिकाणी सगळी शक्ती सातव्या निकषावर लागते, कारण त्याचे फोटो छान येतात.

आणखी एक. भाराचा साधारण ७० टक्के वाटा संख्यात्मक मेट्रिकचा, म्हणजे आकड्यांत मोजायच्या मुद्द्यांचा, बाकी गुणात्मक. संख्यात्मकचं मूल्यांकन पीअर टीम, म्हणजे भेटीला येणारी तज्ज्ञांची समिती, करतच नाही. ती माहिती ऑनलाइन पडताळली जाते आणि संगणक ठरलेल्या मानकाशी ताडून गुण देतो. टीमच्या हातात फक्त गुणात्मक भाग. टीमची गाडी फाटकातून आत येते तोवर मोठा फैसला होऊन गेलेला असतो.

येरळाकाठ

हे गणित छापून बैठकीत वाटतो. डीव्हीव्हीचं कोणी सांगेल का?

दप्तरी

कार्यालयाच्या बाजूने लिहितो, कारण निम्मी गळती तिथूनच.

आधी क्रम. आयआयक्यूए, म्हणजे नॅककडचा सुरुवातीचा माहिती-अर्ज, भरायचा. तो स्वीकारला की ४५ दिवसांत स्वयं-मूल्यांकन अहवाल, म्हणजे एसएसआर, पोर्टलवर द्यायचा. मग डीव्हीव्हीचे खुलासे येतात, त्यांना ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. पडताळणीनंतर संख्यात्मक भागात किमान २५ टक्के गुण राहिले तरच टीमची भेट. ४५ दिवस हे अहवाल चढवायला असतात, लिहायला नव्हे. आयआयक्यूए भरायच्या दिवशी अहवाल तयार पाहिजे.

अहवालाच्या सुरुवातीला ‘एक्स्टेंडेड प्रोफाइल’ असतं. वर्षवार विद्यार्थी, वर्षवार पूर्णवेळ शिक्षक, पगार सोडून खर्च. चार आकडे म्हणून लोक घाईत भरतात. पण पुढच्या निम्म्या मेट्रिकचे छेद तिथूनच उचलले जातात. प्रोफाइलमध्ये २०२२-२३ ला ६१२ मुलं आणि दुसऱ्या निकषाच्या तक्त्यात ६२७ अशी तफावत निघाली, की खुलासा आलाच. प्रवेश रजिस्टर, विद्यापीठाला पाठवलेली यादी आणि एआयएसएचईला, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला, भरलेली माहिती हे तिन्ही आकडे आधी एकमेकांशी जुळवून घ्या.

पूर्णवेळ शिक्षक कोण? पूर्ण शैक्षणिक वर्षात नेहमीच्या कामाच्या तासांपैकी किमान ९० टक्के तास काम करणारा. सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, प्राध्यापक यात बसत नाहीत, मग ते वर्षानुवर्षं तुमच्याकडेच शिकवत असोत. अन्याय आहे, पण मोजणी तशी आहे. त्यांची नावं यादीत घातली की पुरावा मागतात, नियुक्तीपत्रावर ‘तासिका तत्त्वावर’ दिसतं आणि ती नावं उडतात. नावं उडाली की विद्यार्थी-शिक्षक प्रमाण बिघडतं, नेट-सेट-पीएचडीची टक्केवारी हलते, प्रति शिक्षक शोधनिबंधही हलतात. एका यादीने चार मेट्रिक पडतात. मंजूर पदांसाठी कोल्हापूरच्या विभागीय सहसंचालक कार्यालयाचं पदमान्यतेचं पत्र वर्षवार लावा. संस्थेच्या ठरावाला तिथे कोणी विचारत नाही.

राखीव जागांचं मेट्रिक. इथे चूक उलट्या बाजूने होते. समजा वर्गाची मंजूर क्षमता १२०. आपल्याकडचं अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि इतर मागास यांचं मिळून ५२ टक्के धरलं तर ६२ जागा. प्रत्यक्षात या प्रवर्गांतली ८० मुलं आली असली तरी भरलेल्या राखीव जागा ६२ च. वरची १८ खुल्या जागांवर आहेत. ८० लिहिलं की टक्केवारी शंभराच्या पुढे जाते आणि तक्ता परत येतो.

शिष्यवृत्ती: महाडीबीटीवरून मंजूर झालेली यादी वर्षवार काढून ठेवा. पोर्टलवरचं जुनं वर्ष ऐनवेळी उघडेलच याचा भरवसा धरू नका. एकाच मुलाला दोन योजनांतून पैसे मिळाले तर विद्यार्थी एकच. यादीत नावं जशीच्या तशी चिकटवली की संख्या फुगते आणि मग सगळ्याच यादीवर संशय येतो.

खर्चाचं तर ठरलेलं दुखणं. सनदी लेखापालाच्या ताळेबंदात ‘इमारत दुरुस्ती व इतर’ असं एकत्र डोकं असतं. डीव्हीव्हीला पायाभूत सुविधांची वाढ वेगळी, देखभाल वेगळी, पुस्तकं वेगळी हवीत. लेखापरीक्षित पत्रकावर त्या ओळी ठळक करून त्यावर प्राचार्य आणि सीए दोघांची सही लागते. पुढच्या मार्चपासून खातेवहीत डोकी सुटी करायला सांगा. मागच्या वर्षांना आता वर्गवारीचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल. आणि हे आकडे आर्थिक वर्षाचे, बाकीची माहिती शैक्षणिक वर्षाची. एकाच तक्त्यात जून आणि एप्रिल मिसळू नका.

डोंगरी_पाटण

दप्तरींनी कार्यालयाचं सांगितलं, विस्तारकार्याचं मी सांगते.

आपल्या भागात काम भरपूर होतं. एनएसएसचं निवासी शिबिर, वनराई बंधारे, पूरग्रस्तांना मदत, माण-खटावात पाणलोटाची कामं. कागदावर मात्र उरतं काय, तर हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो. विस्तार उपक्रम म्हणजे आवाराबाहेर, समाजासाठी, आपल्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम. सभागृहात आपल्याच मुलांसाठी ठेवलेलं व्याख्यान यात मोजत नाहीत, ते कापलं जातं. एकच शिबिर तिसऱ्या निकषात विस्तारकार्य म्हणून, सातव्यात लिंगभाव म्हणून आणि पाचव्यात कौशल्यविकास म्हणून तीनदा दाखवलेलं असतं. तारीख तीच, फोटो तोच. पडताळणारा माणूस तिन्ही तक्ते शेजारी ठेवतो हे लक्षात असू द्या.

प्रत्येक उपक्रमाला पाच कागद. सूचना, उपस्थितांची सहीसह यादी, तारीख व ठिकाण उमटलेले दोन-तीन फोटो, एक पानी अहवाल आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्या ग्रामपंचायतीचं किंवा संस्थेचं पत्र. पत्र त्यांच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. जावक क्रमांक नसलेलं पत्र आणि साध्या कागदावर मारलेला शिक्का यांत फारसा फरक राहत नाही.

२०२०-२१ चे उपक्रम ऑनलाइन असणार. त्यांना जिओटॅग कुठून येणार? तिथे बैठकीची लिंक, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि उपस्थितांची उतरवलेली यादी एवढं हवं. नंतर तयार केलेली यादी ओळखू येते. सगळ्यांचे ईमेल एकाच साच्यातले असतात.

सामंजस्य करारांबद्दल. २५ करार करून भिंतीवर लावले तरी मोजणी होते चालू करारांची. म्हणजे त्या वर्षी त्या कराराखाली काही घडलं का आणि त्याचा अहवाल आहे का. एका कराराखाली सात कार्यक्रम केले तरी करार एकच. त्यापेक्षा शेजारचा साखर कारखाना, सहकारी बँक, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत अशा चार-पाच ठिकाणी दरवर्षी मुलं पाठवा. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन धोरणाने क्षेत्र प्रकल्प आणि ओजेटी (कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) श्रेयांकात आलेच आहेत, तेच प्रमाणपत्र पहिल्या निकषातल्या प्रकल्प-इंटर्नशिपच्या मेट्रिकलाही चालतं.

पुरस्कारांत ‘सहभाग प्रमाणपत्र’ घालू नका. आणि संघाने मिळवलेलं बक्षीस एकच धरायचं. कबड्डीच्या १२ मुलांचे १२ पुरस्कार होत नाहीत, कितीही वाटलं तरी.

कृष्णाकाठचा_शंकासूर

एवढे कागद जमवायचे तर शिकवायचं कधी? शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या मूल्यांकनात लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षांनाच अटक केली होती. मग या श्रेणीला अर्थ काय?

गणितवाला_कराड

प्रश्न रास्त आहे. पण त्याच कारणासाठी टीमच्या हातातला वाटा कमी ठेवणं बरं. १९९४ ला नॅक बंगळुरूला सुरू झाली तेव्हापासून पुढची बरीच वर्षं सगळा डोलारा टीमच्या मतावर होता. संख्यात्मक भाग वेगळा काढून तो त्रयस्थाकडून पडताळायचं २०१७ ला आलं. ज्याला टीमची भीती वाटते त्याने पहिले ७० टक्के पक्के करावेत. राहिला ‘घ्यायचंच कशाला’ हा प्रश्न. २०१२ च्या यूजीसी विनियमांनी मानांकन सक्तीचं केलंय, त्यामुळे तो पर्याय उरत नाही.

शिकवायचं कधी, याचं उत्तर असं, की पुरावा उपक्रमाच्या दिवशी गोळा केला तर २० मिनिटांचं काम. चार वर्षांनी शोधायला गेलं की २० दिवस. तोवर फोटो काढणाऱ्याचा फोन बदललेला असतो.

ग्रंथपाल_मिरज

ग्रंथालयाचं थोडक्यात. सोल किंवा कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घेतलंय एवढं पुरत नाही. आवृत्ती कोणती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः आणि कोणत्या वर्षापासून, हे लिहावं लागतं. ‘पूर्ण’ लिहिलं आणि देवघेव अजून वहीत चालू असेल तर टीम काउंटरवर उभी राहून एक पुस्तक द्यायला सांगते. ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टची वर्गणी दरवर्षीची आहे, पावत्या वर्षवार ठेवा, मधलं एक वर्ष तुटलेलं असतं. रोजच्या वापराची सरासरी दाखवायला वाचनकक्षाची सहीची वही आणि संगणकावरची देवघेव दोन्ही लागतात.

शोधनिबंधांबाबत एक सावधगिरी. मेट्रिक यूजीसी-केअर यादीवर, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीवर, बांधलेलं आहे आणि ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली. जुन्या वर्षांच्या निबंधांना, नियतकालिक त्या काळात यादीत होतं याचं पान आजच जपून ठेवा. शीर्षकात एका अक्षराचा फरक असलेली नकली नियतकालिकं बरीच आहेत, आयएसएसएन पडताळल्याशिवाय नाव घालू नका.

येरळाकाठ

मॅडम, आमच्याकडे देवघेव खरंच अजून अर्धी वहीत आहे. अंशतः लिहितो.

पाचव्या निकषात नोकरी आणि उच्च शिक्षणाचा आकडा फार कमी येतोय. मुलं जातात कुठे ते माहीत असतं, कागद नसतो.

दप्तरी

तो आकडा म्हणजे मेट्रिक ५.२.१. त्यावर आपल्या भागाने सगळ्यात जास्त गुण सोडलेत असं माझं ठाम मत आहे. पाच वर्षांत शेवटच्या वर्षातून बाहेर पडलेली मुलं समजा ९००. त्यांतल्या ११८ जणांचं नियुक्तीपत्र आणि २४१ जणांचा पुढच्या प्रवेशाचा कागद मिळाला तर ३५९, म्हणजे ३९.९ टक्के. तेच कागद निम्म्यांचे मिळाले तर २० टक्के. मुलं तीच, गावं तीच.

सातारा जिल्ह्यात सैन्य आणि पोलीस भरतीला जाणारी मुलं गावोगाव आहेत. अपशिंगे मिलिटरी हे गावाचं नावच आहे. त्यांचं नियुक्तीपत्र किंवा ओळखपत्राची प्रत हा पक्का पुरावा. उच्च शिक्षणाला साताऱ्यात, कराडात, कोल्हापुरात विद्यापीठात प्रवेश घेतलेल्यांची प्रवेश पावती किंवा ओळखपत्र चालतं. घरची शेती करतो असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. धंदा दाखवायचा तर नोंदणीचा कागद हवा.

कागद मिळवायची जागा दाखल्याची खिडकी. मुलगा टीसी किंवा गुणपत्रक न्यायला येतो तेव्हा एक पानाचा फॉर्म. पुढे कुठे जाणार, स्वतःचा नंबर, घरचा एक नंबर. दिवाळीत वर्गशिक्षकाने त्या नंबरवर फोन करून कागदाचा फोटो मागवायचा. ६० मुलांच्या वर्गाला दोन संध्याकाळी लागतात. आणि मुलींचे नंबर लग्नानंतर बदलतात, म्हणून घरचा नंबर विसरू नका.

माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का? नसेल तर आजच अर्ज तयार करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी धर्मादाय कार्यालयातून होते आणि तिला वेळ लागतो. अहवाल चढवायच्या आठवड्यात ती होत नसते.

सांगलीकर_यंत्री

दुसऱ्या निकषातल्या सीओ-पीओवर, म्हणजे विषयाची आणि अभ्यासक्रमाची निष्पत्ती ठरवून ती मोजण्यावर, लिहितो. अभियांत्रिकीत एनबीएमुळे ही सवय झाली आहे. (एनबीए एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देतं, नॅक संपूर्ण संस्थेला. दोन्हींची गल्लत पालकसभेत नेहमी होते.) कला-वाणिज्यवाले याला घाबरतात, पण गणित पाचवीचं आहे.

एका पेपरची चार-पाच निष्पत्ती विधानं लिहा. ‘विद्यार्थ्याला समजेल’ असं लिहू नका, समजलेलं मोजता येत नाही. ‘नमुना ताळेबंदावरून चालू गुणोत्तर काढेल’ हे मोजता येतं. मग पट्टी ठरवा. उदाहरणार्थ, ६० टक्के किंवा जास्त मुलांनी निम्मे गुण ओलांडले तर पातळी ३, ५० ते ६० टक्क्यांनी तर २, ४० ते ५० टक्क्यांनी तर १. ६० च्या वर्गात ३९ जणांनी ओलांडले तर ६५ टक्के, पातळी ३.

समजा अंतर्गत परीक्षेत पातळी ३ आणि विद्यापीठ परीक्षेत २ आली. अंतर्गतला ३० टक्के, विद्यापीठाला ७० टक्के वजन दिलं तर ०.९ + १.४ = २.३. ही प्रत्यक्ष साध्यता. विद्यार्थ्यांच्या शेवटच्या प्रश्नावलीवरून अप्रत्यक्ष साध्यता २.६ आली, तर ८०:२० ने १.८४ + ०.५२ = २.३६. लक्ष्य २.२ ठेवलं होतं, साधलं. ही वजनं कोणी वरून ठरवून देत नाही, महाविद्यालयाने ठरवायची असतात. फक्त ती आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, इतिवृत्तात वर्षाच्या सुरुवातीला नोंदलेली पाहिजेत. निकालानंतर ठरवलेली पट्टी टीमच्या लगेच लक्षात येते, कारण मग प्रत्येक विषयाचं लक्ष्य बरोबर साधलेलं असतं. दोन विषयांत लक्ष्य हुकलं आणि पुढच्या वर्षी काय बदललं ते लिहिलं, तर तो अहवाल जास्त खरा वाटतो.

डोंगरी_पाटण

यंत्री साहेब, हा तक्ता एक्सेलमध्ये एकदा तयार केला की सगळ्या विषयांना चालतो ना?

सांगलीकर_यंत्री

चालतो. फक्त प्रत्येक प्रश्न कुठल्या निष्पत्तीचा ते प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर तक्ता कोरा.

गणितवाला_कराड

समाधान सर्वेक्षणाचं राहिलं. २१ प्रश्न, त्यांतले २० पर्यायांचे आणि एक मोकळ्या उत्तराचा. नॅककडून थेट मुलांच्या ईमेलवर लिंक जाते. महाविद्यालयाने चालू पटाच्या किमान निम्म्या मुलांची यादी ईमेलसह द्यायची. प्रतिसाद हवेत पटाच्या १० टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल तेवढे. तुमच्या ६४० ला ६४. एखाद्या १४५० च्या महाविद्यालयाला १०० पुरतात. तेवढे आले नाहीत तर ते मेट्रिक मूल्यांकनात घेतच नाहीत. विद्यापीठांना १०० च्या जागी ५०० आहे.

कमी का पडतात? प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. एकाच पत्त्यावर ३० मुलं सापडतात. सर्वेक्षणाच्या आधी महिनाभर प्रत्येक वर्गात एक चाचणी मेल पाठवा आणि ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांचे पत्ते दुरुस्त करा. मुलांना मेल उघडायची सवय नसते, तर लिंक येणार आहे आणि ती स्पॅममध्येही जाऊ शकते एवढं सांगा. काय भरायचं ते मात्र सांगू नका. एका प्रयोगशाळेत बसवून सगळ्यांकडून तीच उत्तरं भरून घेणं हे सर्वेक्षण नव्हे, आणि मोकळ्या प्रश्नात मुलं तेही लिहून टाकतात.

वारणेचा_वाघ

टीमच्या भेटीविषयी कोणीच काही बोललं नाही म्हणून. महाविद्यालयाला साधारण दोन दिवस, अध्यक्ष, समन्वयक सदस्य आणि सदस्य असे तिघं, आपल्या राज्याबाहेरचे. पहिल्या दिवशी प्राचार्यांचं सादरीकरण, आयक्यूएसी, मग विभाग, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक, व्यवस्थापन यांच्याशी बोलणं. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या सुविधा, कागद, अहवाल लेखन आणि निरोपाची बैठक.

सादरीकरणात संस्थापकांचं चरित्र नको. ‘उत्तम उपक्रम’ दोनच मागतात, त्यांचा साचा ठरलेला आहे. शीर्षक, उद्दिष्टं, संदर्भ, प्रत्यक्ष उपक्रम, यशाचा पुरावा, अडचणी व साधनसामग्री. लोक अडचणींचा रकाना रिकामा सोडतात किंवा ‘निधीची कमतरता’ लिहितात. तिथे खरं लिहा. वृक्षारोपणाला उत्तम उपक्रम म्हणू नका, पाच वर्षांपूर्वीची झाडं दाखवा म्हणतील. ‘कमवा आणि शिका’ रयतमुळे या भागात सर्वांच्या तोंडी आहे. तुम्ही राबवत असाल तर वर्षवार मुलं, कामाचे तास, दिलेली रक्कम आणि त्या मुलांचा निकाल असा तक्ता हवा. नावाच्या पुण्याईवर गुण मिळत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या बैठकीत शिकवून ठेवलेली मुलं बसवू नका. ‘ग्रंथालयातून शेवटचं पुस्तक कधी नेलं?’ या एका प्रश्नात पाठांतर संपतं. आणि निरोपाच्या पिशव्या, शाली, महागडी भेट हे काही ठेवू नका. टीमची प्रवास-निवासाची व्यवस्था हा नॅकचा प्रश्न.

येरळाकाठ

आणि रंग?

वारणेचा_वाघ

स्वच्छतागृहं, पिण्याच्या पाण्याची टाकी, अपंगांसाठी उतार आणि त्याला धरायला कठडा, मुलींची खोली, हे आधी. उतार असतो पण पुढे पायरी असते, असं निम्म्या इमारतींत दिसतं. पैसे उरले तर रंग. संस्थेला सांगा, की रंगाला मेट्रिक नाही, विद्यार्थ्यांमागे संगणक किती याला आहे. तेसुद्धा मुलांच्या वापरातले. कार्यालयातले आणि प्राचार्यांच्या टेबलावरचे धरायचे नाहीत, साठा रजिस्टरशी बिलं जुळली पाहिजेत.

कृष्णाकाठचा_शंकासूर

नवी पद्धत येणार म्हणतात, श्रेणीच जाणार. मग आत्ता कशाला जीव काढायचा?

गणितवाला_कराड

डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवरून जानेवारी २०२४ मध्ये नॅकने जाहीर केलं की आधी द्विस्तरीय मानांकन, म्हणजे मानांकित की नाही एवढंच, आणि नंतर पातळी १ ते ५. पण त्यातही आधार संस्थेच्या माहितीचाच आहे. विद्यार्थी, शिक्षक, निकाल, खर्च, नोकऱ्या. उलट एकच माहिती सगळ्या यंत्रणांना जायची म्हटल्यावर एआयएसएचईत एक आणि नॅकला दुसरा आकडा ही पळवाट बंद होते. अर्ज भरायच्या दिवशी नॅकच्या संकेतस्थळावर कुठली चौकट चालू आहे ते बघा आणि त्याप्रमाणे भरा. गोळा करायची माहिती तीच राहते. एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल, मात्र दरवर्षीचा दरवर्षी जाऊ द्या. तीन वर्षांचे एकदम भरले की तिन्हींत मागच्याचंच कॉपी-पेस्ट निघतं.

मुदतीबद्दल. मानांकन पाच वर्षांचं. पुढच्या फेरीचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत. श्रेणी मनासारखी आली नाही तर एक वर्षानंतर आणि तीन वर्षांच्या आत पुनर्मूल्यांकनाला जाता येतं. मार्गदर्शन हवं असेल तर राज्य शासनाची ‘परीस स्पर्श’ योजना आहे, यूजीसीची ‘परामर्श’ आहे. पैसे घेऊन एसएसआर लिहून देणाऱ्यांपेक्षा ते बरं. विकत लिहून घेतलेल्या अहवालात दुसऱ्याच तालुक्याचं नाव राहिलेलं असतं.

दप्तरी

पलूस-वाळवा-मिरजेकडच्यांसाठी एक जास्तीचं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्या खुणेच्या वर मूळ रजिस्टरं हलवा आणि स्कॅन दोन ठिकाणी ठेवा. भिजलेल्या हजेरीपत्रकाचा पंचनामा होतो, पण डीव्हीव्हीला हजेरीपत्रकच लागतं.

येरळाकाठ

एकच राहिलं. ग्रामपंचायतींची पत्रं, शासन निर्णय, वर्तमानपत्रांची कात्रणं सगळी मराठीत आहेत. तशीच चढवायची का?

डोंगरी_पाटण

नाही. याच कारणाने बरेच चांगले पुरावे बाजूला पडतात. पडताळणारा मराठी वाचणारा असेलच असं नाही. प्रत्येक मराठी कागदामागे इंग्रजी भाषांतर जोडायचं, त्यावर प्राचार्यांची सही-शिक्का, आणि मूळ व भाषांतर एकाच पीडीएफमध्ये. लांब शासन निर्णयाचं सगळं भाषांतर करत बसू नका. विषय, क्रमांक, तारीख आणि आपल्या कामाचा परिच्छेद पुरे. सरपंचांच्या पत्राचं मात्र पूर्ण करा, ते असतंच चार ओळींचं. भाषांतर इंग्रजी विभागाकडे द्या, पण गावांची नावं तपासून घ्या. एकाच गावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं झालं, की खुलाशात तीन वेगळी गावं म्हणून विचारणा येते.

येरळाकाठ

वडूजचं स्पेलिंग आजच ठरवून टाकतो. धन्यवाद सगळ्यांना. प्रोफाइलचे आकडे जुळले की तक्ता इथे टाकेन, चुका काढा.